हत्तीचे मागचे पाय

रविवार, ३ जुलै १९८८

आज कौतिकआबा आले, चहा घेतला, आणि जाताना एक बंद पडलेलं नाट्यमंडळ माझ्या गळ्यात घालून गेले.

आबा म्हणजे डाळमिलवाले, 'रंगझूल बालनाट्य मंडळा'चे अध्यक्ष. मंडळाला वर्षभर कुलूप आहे. कारण सगळ्या जळगावला माहीत आहे, म्हणजे प्रत्येकाला वेगळं माहीत आहे. माझ्या कानावर आलेलं असं: गेल्या ऑगस्टमध्ये मंडळाची मुलं धुळ्याला स्पर्धेला गेली होती. येताना मॅटाडोर पारोळ्याला चहासाठी थांबली आणि आठवीतली कोकिळा तिथंच राहिली. मंडळाचे दिग्दर्शक भाईदास सर तिच्या आईबापांना म्हणाले, पोरगी आपल्या मनानं उतरली, कुणा मुलाबरोबर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एस.टी.नं घरी आली, पण तोवर गाव बोलून मोकळं झालं होतं. पुढे उलटी कुजबुज सुरू झाली, की सरांचंच काहीतरी चुकलंय. सर सुरतेला मेहुण्याकडे निघून गेले. पोरं एकेक करून घरी बसली.

"पण नेमकं झालं काय होतं?" मी विचारलं.

"झालं ते झालं बाई. आता पुढचं बघा."

"आणि मीच का? मला नाटकातलं ओ की ठो कळत नाही. मी विज्ञान शिकवते."

"म्हणूनच. तुम्ही शिस्तीच्या. धुळ्याच्या असल्यामुळे इथं कुणाच्या भावकीत नाही. एकट्या आहात, मागे व्याप नाही."

यातलं पहिलं कारण खरं असावं, उरलेली दोन त्यांनी बोलण्याच्या ओघात जोडली असतील. मी हो म्हटलं. समाजसेवा वगैरे माझ्या मनात नव्हती. गावाचा विश्वास ही काय वस्तू आहे, ती जाते कशी आणि परत येते कशी, हे मला जवळून बघायचं आहे. आमच्या प्रयोगशाळेत ती मिळत नाही.

रविवार, १० जुलै

कुलूप उघडलं. पाली, जाळी, आणि एक मोठी पत्र्याची पेटी, तिची किल्ली सापडेना. दवंडी पिटल्यासारखं सगळ्या शाळांत सांगितलं होतं, आली चार मुलं. त्यातली एक आबांची नात चारुशीला, ती तर घरचीच. नववीत आहे, अंगानं थोराड, डोळे खाली. मी नावं पुकारली तर बाकीची तिघं 'हजर' म्हणाली, हिनं नुसता हात वर केला. दुसऱ्यांदा पुकारलं, पुन्हा हातच. मी दटावलं की तोंडानं उत्तर द्यायची रीत असते. तरी हातच. श्रीमंताघरची पोर, लाडावलेली असणार.

आणखी एक गंमत टिपून ठेवते. आबांचं घर ते मंडळाची खोली, मधे एकच गल्ली आहे. ती ओलांडली की पोचलं. पण आबा स्कूटर काढतात आणि बाजारातून वळसा घालून येतात. विचारलं तर म्हणाले, गल्लीत खड्डे आहेत. परतताना मी मुद्दाम त्या गल्लीतून चालत आले. खड्डे काही दिसले नाहीत. म्हाताऱ्या माणसाच्या कंबरेला काय खड्डा वाटेल, आपल्याला कसं कळणार.

रविवार, १७ जुलै

घरोघर फिरले. माझा तर्क असा: आईबापांना प्रवासाची भीती बसली आहे. म्हणून मी नियम केले. वर्षभर गाव सोडायचं नाही. तालीम दिवेलागणीच्या आत संपणार. कुठल्याही आईनं कधीही येऊन बसावं. मुलं जोडीनं येणार, जोडीनं जाणार. गळ्यात शिट्टी अडकवली आहे, ती वाजली की सगळ्यांनी जमायचं.

सगळ्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला, आणि शेवटी एकच विचारलं. लताबाई म्हणून एक आहेत, त्याच मधल्या गल्लीत राहतात, घरी शिवणकाम करतात, त्यांची धाकटी आधी मंडळात होती. त्या मशीन थांबवून म्हणाल्या, "ते बठ्ठं ठीक शे बाई. पन उखर्डूभाऊनी पोरनं काय?"

उखर्डूभाऊ म्हणजे कोकिळाचे वडील. मी त्यांना दिलासा दिला, की काळजी करू नका, ती मुलगी आता मंडळात नाही.

लताबाईंनी मशीन पुन्हा सुरू केलं. पुढच्या घरीही हाच प्रश्न, माझं हेच उत्तर, आणि असाच निरोप. एकही पोर मिळाली नाही. माझा तर्क चुकत असावा, पण कुठे ते सापडत नाही.

सोमवार, १५ ऑगस्ट

आबांचा उपाय करून झाला. मंडप, लाउडस्पीकर, शहरातले एक निवृत्त साहेब प्रमुख पाहुणे, आणि येईल त्याला द्रोणभर बुंदी. आबा म्हणाले होते, लोक आले की संबंध जुळतात.

लोक आले. बुंदी संपली. साहेबांनी बालमन या विषयावर इतकं लांब भाषण केलं की पुढच्या रांगेतली बालमनं झोपली. शेवटी मी माइकवर सांगितलं, नावं नोंदवायची असतील त्यांनी पुढे यावं. एक आजोबा पुढे आले. त्यांना अजून बुंदी हवी होती.

मागे उभ्या दोन बायकांचं बोलणं कानावर आलं. एक म्हणाली, "बूंद से गयी, हौद से नहीं आती." बुंदीवरचा टोमणा समजून मला हसू आलं. घरी येऊन विचार केल्यावर कळलं की टोमणा बुंदीवर नव्हता.

शनिवार, २० ऑगस्ट

आज जे कळलं ते नीट लिहिते.

पेटी फोडली. आत मुकुट, दाढ्या, आणि एक हत्ती. आबांच्या मिलमधल्या गोणपाटाचा शिवलेला, अजून तूरडाळीचा वास येत होता. 'रुसलेला हत्ती' हे त्या वर्षीचं नाटक. मला हत्ती चालतो कसा याचंच कुतूहल. मुलं म्हणाली, दोघं लागतात बाई, एक पुढचे पाय आणि सोंड, दुसरा वाकून मागचे पाय.

"कोण कोण होतं आत?"

मुलं मुकुट चाचपायला लागली. मग चारूच म्हणाली, "पुढे मी. मागे कोकिळा." आणि ती दाराबाहेर जाऊन पायरीवर बसली.

मी मागोमाग गेले. रागावले नाही, फक्त विचारत राहिले, मला दुसरं काही येतच नाही. हळूहळू तिनं सांगितलं. भाईदास सर हजेरी पात्रांच्या नावानं घ्यायचे. म्हणायचे, स्पर्धा संपेपर्यंत घरची नावं विसरा, तरच सोंग अंगात भिनतं. धुळ्याला नाटक पहिलं आलं, सगळे तसेच सोंगात मॅटाडोरमध्ये चढले. पारोळ्याला चहा झाला. निघताना सरांनी पुकारलं. राजा? हजर. प्रधान? हजर. माहूत? हजर. हत्ती?

"मी म्हटलं, हजर."

"आणि कोकिळा?"

"ती पण हत्तीच होती ना बाई. एका हत्तीचं एकच हजर."

कोकिळा लघवीला म्हणून किल्ल्याच्या बाजूला गेली होती. अंधार पडत होता. गाडी सुटली. एरंडोल गेल्यावर चारूनं अर्धा पेरू तिला द्यायला हात मागे केला, तर घ्यायला कुणी नाही. तिनं सरांना सांगितलं. सर म्हणाले, गप्प बस, आता मागे फिरलो तर घरचे जीव खातील, कुणीतरी बसवून देईल तिला.

खरं सांगते, ऐकताना आधी मला आनंद झाला. कोडं सुटलं. चूक किती साधी, आणि नाटकवाल्यांशिवाय कुणाला सुचणारही नाही अशी. मग चारूच्या पायांकडे लक्ष गेलं. ती अंगठ्यानं जमीन उकरत होती. चौदा वर्षांच्या एका पोरीवर गावानं वर्षभर थुंकलं, आणि मला कोडं सुटल्याचा आनंद. मला माझी लाज वाटली.

"हे घरी कुणाला सांगितलं होतंस?" मी विचारलं.

"उशीर झाला बाई, जाते मी," ती म्हणाली आणि गेली. घड्याळात पाहिलं तर अजून वेळ होता. भेदरली असेल.

रविवार, २१ ऑगस्ट

सकाळच्या गाडीनं पारोळ्याला जाऊन आले. ऐकलेल्या गोष्टीची खात्री केल्याशिवाय मला जेवण जात नाही.

चौकशी केल्यावर कळलं, स्टँडबाहेर शेंगा विकणाऱ्या सुंदरबाईंकडे त्या रात्री कोकिळा होती. मी ओळख सांगितल्यावर, इतक्या उशिरा आलात म्हणून त्या तिथंच माझ्यावर घसरल्या. "तुमी आते उन्यात? साल व्हयी गयं."

मी शेंगा घेतल्या. त्या थोड्या निवळल्या. "पोर रडनी नही. अर्धा हत्ती आंगमां, मांगला पायना. लोके हासेत. माले म्हने, मावशी, त्या मोजतीन नि परत येतीन. दिवा लागनात, गाड्या गयात, तरी म्हने, मोजतीन. मंग मी घर लयी गयू तिले."

सकाळी पहिल्या गाडीनं त्या तिला स्वतः जळगावला घेऊन आल्या, दारात सगळं सांगितलं. पण परगावच्या शेंगावालीचं कोण ऐकतं. "तुमना गावमां कोनीतरी मोठा मानूस आधीच बोली गयथा," त्या म्हणाल्या. भाईदास सर असणार. सर इतके मोठे कधी झाले कोण जाणे.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसले आणि मला रडू आलं. त्या 'मोजतील' या शब्दानं. शेजारच्या बाईनं मला लिमलेटची गोळी दिली.

रविवार, २८ ऑगस्ट

आबांकडे गेले. हत्तीची सगळी गोष्ट सांगितली. मला वाटलं ते चकित होतील. ते चष्मा पुसत बसले.

"भाईदास गेला. विषय संपला," म्हणाले.

"आबा, पोरगी इथंच आहे. तिचा विषय कसा संपला? भाईदास सरांनी खोटं सांगितलं हे मंडळानं जाहीर करू या."

"बाई, मंडळ नव्यानं उभं करायचंय. जुनं उकरून काय मिळणार? मी पेपरात देतो, मंडळ नव्या व्यवस्थेखाली सुरू झालं आहे म्हणून."

मी चिडले, आणि चिडल्यावर माझी भाषा शाळेतली होते. म्हटलं, उत्तर चुकलं असेल तर पान बदलून भागत नाही. चारू दारामागून ऐकत होती, तिला आबांनी आत पिटाळलं. एवढा मिल चालवणारा माणूस, साध्या गोष्टीला का घाबरतो हे मला समजत नाही. दुसऱ्याच्या चुकीची लाज यांना कशाला?

रविवार, ११ सप्टेंबर

शेवटी जिथं पहिल्या दिवशी जायला हवं होतं तिथं आज गेले. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

उखर्डूभाऊंचं घर त्या मधल्या गल्लीतच आहे, लताबाईंच्या समोर. ते मार्केटात हमाली करतात, घरी नव्हते. कोकिळाची आई तानुबाई ओट्यावर लसूण निवडत होती. आधी ती आबांच्या मिलमध्ये डाळ निवडायला जायची, वर्षापासून दुसरीकडे जाते. मी सांगितलं की मला सगळं कळलंय, पोरीची काही चूक नाही, मंडळातर्फे मी माफी मागते. घराच्या आतून बांगड्यांचा आवाज थांबला. कोकिळा दारामागे असावी. बाहेर आली नाही.

तानुबाई शांतपणे म्हणाली, "बाई, तुमी चांगल्या शेतस. पन आते आठे कोन शे? तुमी, मी नि हाई कोंबडी. आबा बोलना तव्हय बठ्ठी गल्ली उभी व्हती."

"आबा? कौतिकआबा? ते काय बोलले?"

"आठेच, हाई ओटावर उभा ऱ्हायीसन. पोरगी तिना मनवरी गयी, मंडळनी काही चूक नही. अध्यक्ष मानूस. त्यासनं बोलनं कोन खोडी?"

मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, आबांना भाईदास सरांनी फसवलं असणार. तानुबाईनं लसणाची पाकळी सोलली.

मग तिनं सांगितलं की रावेरचं स्थळ आलंय. केळीची वाडी आहे, माणूस वयानं बराच मोठा. दसऱ्याला उखर्डूभाऊ तारीख पक्की करायला जाणार. मी म्हटलं, अहो, पोर पंधराची आहे, हुशार होती म्हणतात. "त्यासनी त्या रातनं काही इचारं नही बाई," ती म्हणाली. "काहीच इचारं नही. मनी पोरले आते असं घर कोठे भेटी?"

आज मला कळलं की लताबाई मशीन थांबवून काय विचारत होत्या, आणि मी काय उत्तर दिलं. त्या पोरीला न्याय काय, असं विचारत होत्या, आणि मी ती मंडळात नाही म्हणून दिलासा दिला होता.

पण सगळी गल्ली एका ठिकाणी उभी करायची कशी? मंडपात बोलावलं तर बुंदी खाऊन जातात.

रविवार, २५ सप्टेंबर

आज घरोघर भुलाबाई बसली. मातीची भुलाबाई, भुलोजी, मधे बाळ. आता कोजागरीपर्यंत रोज संध्याकाळी पोरी दारोदार गाणी म्हणत, टिपऱ्या खेळत फिरणार, आणि घरची बाई झाकलेल्या डब्यात खाऊ आणून 'ओळखा' म्हणणार. धुळ्याला आम्हीही हेच केलं. एकदा मी वासावरून कोथिंबीरवडी ओळखली होती आणि आठवडाभर तोऱ्यात होते.

लताबाईंच्या ओट्यावर बसून बघत होते. पोरी त्यांच्याकडे गायल्या, शेजारी गायल्या, मग उखर्डूभाऊंचं दार सोडून पलीकडे गेल्या. मी विचारलं, तिकडे का नाही?

"मांगला सालपाशीन जात नहीत," लताबाई म्हणाल्या. "आया पाठवत नहीत." त्यांची धाकटीही त्यातच होती. त्यांनी मान खाली घातली.

पोरी गाऊ लागल्या की आख्खी गल्ली ओट्यावर येते, हे मी तेव्हा पाहिलं.

शनिवार, १५ ऑक्टोबर

मंडळाच्या पोरींची भुलाबाई काढायची, हे मी आणि चारूनं मिळून ठरवलं होतं. चारूनं वर्गातल्या मैत्रिणी आणल्या, म्हणून आता आठ जणी झाल्या आहेत. माझा बेत सरळ होता. पहिल्यांदा उखर्डूभाऊंच्या दारात गायचं, म्हणजे बाकीच्या पोरींचा संकोच सुटेल, आणि जमलं तर मी चार शब्द बोलेन. चारूला विचारलं, येशील ना? तिनं मान हलवली.

पोरी गायल्या. गल्ली ओट्यांवर आली. दार बंदच. दुसरं गाणं झालं, तिसरं झालं. मग दार उघडलं आणि तानुबाई झाकलेला पितळी डबा घेऊन बाहेर आली. पदर डोक्यावरून नीट घेतलेला. मागे उंबऱ्याच्या आत कोकिळा, अर्धी दिसत होती.

"वळखा," तानुबाई म्हणाली.

पोरी खुलल्या. "गोड का तिखट?"

"गोड बी नही, तिखट बी नही."

मुरमुरे झाले, फुटाणे झाले, खोबरं, काकडी, केळी झाली. मी पण दोन नावं घेतली, राहवेना. तानुबाई प्रत्येकीला नाही म्हणत होती. शेवटी हरलो म्हटल्यावर तिनं झाकण काढलं. डबा रिकामा होता.

"मांगला साले भरी ठेवेल व्हता," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "रोज येगळं करं. महिनाभर वाट दखी. एक पोर उनी नही. मंग आमीच खाद."

मी बोलायला तोंड उघडलं, चार शब्द पाठ करून गेले होते, त्यातला एक आठवेना. तेवढ्यात चारू पुढे गेली आणि ओट्याच्या पायरीवर चढली. एवढी खाली मान घालणारी पोर, पण आवाज शेवटच्या घरापर्यंत गेला.

"कोकिळा कुणाबरोबर गेली नव्हती. आम्ही तिला सोडून आलो. सरांनी हत्ती पुकारलं आणि दोघींचं हजर मी एकटीनं म्हटलं. एरंडोलच्या पुढे मला कळलं. मी सरांना सांगितलं. घरी आल्यावर आबांनाही सांगितलं. आबा म्हणाले, झोप जा, सकाळी बघू. सकाळी ते इथं येऊन बोलले."

मग ती रडायला लागली. कोकिळा उंबऱ्यातून आत निघून गेली. तानुबाईनं डब्याचं झाकण लावलं.

मला ते न सापडलेले खड्डे आठवले. इतकं समोर होतं, आणि मी कंबरेचं दुखणं समजून बसले. चारूला मी आबांच्या घरी पोचवलं नाही. तिनंच सांगितलं, बाई, मी एकटी जाते.

रविवार, १६ ऑक्टोबर

सकाळपासून वाट बघत होते की आबा माझ्याकडून किल्ली मागायला येतील. आले नाहीत. संध्याकाळी पोरींना घेऊन पुन्हा त्याच दारात गेले. पोरीच म्हणाल्या, जाऊ या. यावेळी गल्ली आधीच ओट्यांवर होती.

पहिलं गाणं चालू असताना गल्लीच्या तोंडाशी आबा दिसले. पायी. टोपी हातात. गाणं आपोआप थांबलं. ते ओट्यावर चढले नाहीत, खालीच उभे राहिले.

"गेल्या वर्षी मी या ओट्यावर उभा राहून बोललो," ते म्हणाले, "ते खोटं होतं. बोलताना मला ते माहीत होतं. स्पर्धेचं बक्षीस मिळालं होतं, मंडळाचं नाव झालं होतं, ते जाऊ नये म्हणून बोललो. उखर्डूभाऊ, तुमची पोर खरी. चूक मंडळाची, खोटं माझं."

लताबाई समोरून म्हणाल्या, "हाई सांगाले साल लागनं आबा?"

"लाज वाटत होती."

"नि आते?"

"आता जास्त वाटते."

आबांना मी कधी आवडीनं बघितलं नव्हतं, आजही रागच होता. तरी ते वाक्य त्यांनी पळवाट न काढता म्हटलं, हे लिहून ठेवायला हवं. उखर्डूभाऊ खाटेवर बसले होते, उठले, आत गेले. मला वाटलं काठी आणतात की काय. ते पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि आबांसमोर धरला. आबा उभ्यानंच पाणी प्यायले.

तानुबाईनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. पोरींना म्हणाली, "गाना म्हना पोरींहो. काय थांबनात?"

लताबाईंची धाकटी पळत आली आणि आमच्या पोरींमध्ये उभी राहिली. मग आणखी दोघी आल्या. टिपऱ्या कमी पडल्या.

गुरुवार, २० ऑक्टोबर, दसरा

उखर्डूभाऊ रावेरला गेले नाहीत. माझ्याकडे सोनं द्यायला आले, आपट्याची दोन पानं. उंबऱ्यातच उभे राहून म्हणाले, "रावेरले मी निरोप धाडी दिना. पोर दहावी करी, मंग दखसूत. थांबतीन तं थांबतीन." मी मुख्याध्यापिकांशी बोलले आहे. दिवाळीनंतर कोकिळा शाळेत बसेल, वर्ष वाया गेलं तेवढं गेलं.

मंडळात सहा नव्या पोरी आल्या. एकीच्याही आईनं शिट्टीचा नियम विचारला नाही. इतका चांगला नियम आहे.

रविवार, ३० ऑक्टोबर

तालीम चालू होती. दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. उंच, दोन वेण्या, हनुवटीवर तीळ. मी ओळखलं नाही. माझ्या मनात ती नेहमी वाकलेलीच होती, गोणपाटाखाली. चारू उठून उभी राहिली तेव्हा मला कळलं.

कोकिळा आत आली नाही. "बाई, परत बाहेरगावी जाणार का मंडळ?" तिनं विचारलं.

"पुढच्या वर्षी जाऊ म्हणतात. धुळ्यालाच."

"मला हत्तीत काम नको. तोंड दिसेल असं पाहिजे."

"देईन."

"आणि कुणी मागे राहिलं तर?"

माझ्याकडे सगळी उत्तरं तयार होती. जोड्या, शिट्टी, घरच्या नावानं हजेरी. 'राहणारच नाही' हे ओठांवर आलं होतं. पण ती ज्या डोळ्यांनी बघत होती, त्यांच्यासमोर ते म्हणवेना.

"राहू शकतं," मी म्हटलं. "मी चुकू शकते. पण कळेल त्या क्षणी गाडी वळवीन. आणि नाही वळवली, तर तुझ्या आईकडे येऊन खरं सांगेन, की चूक माझी."



"आईला कशाला? आईला खरं तेव्हाही माहीत होतं," ती म्हणाली. "गल्लीला सांगा."

मी हो म्हटलं. मग तिनं चपला दाराशी काढल्या आणि ती आत आली.